डाव्या पायाचे बूट

रविवार, ३ नोव्हेंबर १९९६

लिहायला मला रशिदाने बसवलं. म्हणाली, "दिवसभर माझ्या मागे मागे फिरता, त्यापेक्षा बसून कायतरी लिवा." बायको चौदा वर्षं नवऱ्याची वाट बघते आणि तो कायमचा घरी आला की अडीच महिन्यांत असं बोलते. वही सिदराची आहे. पोरगी सात वर्षांची, पण फुकट काही देत नाही. पहिल्या पानावर तिला मोर काढू दिला, तेव्हा वही मिळाली.

सौदीत दम्मामची माझी कंपनी बंद झाली आणि ऑगस्टमध्ये मी कोपरखैरण्याला घरी आलो. तिथे मी स्टोअरकीपर होतो. हजारो सुटे भाग, प्रत्येकाला खण, प्रत्येक खणावर चिठ्ठी. डोळे मिटून हवा तो नट काढून द्यायचो, मॅनेजर पाहुण्यांना दाखवायला घेऊन यायचा. इथे आल्यावर रशिदाच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या धुऊन काढल्या. "हे दम्मामचं स्टोअर नाय, माझं किचन हाय."

तक्रार नाही. अल्लाचा हजार वेळा शुक्र. तांदळाची भाकरी तव्यावर फुगताना दिसते आणि ताटात येते तेव्हा गरम असते, एवढ्यावर माझा दिवस मजेत जातो. आजवर मी दोन वर्षांतून दोन महिने बाप होतो, आता रोज आहे.

अडचण एकच, आमचा तबरेज. बारा वर्षांचा आहे. मी सुट्टीवर यायचो तेव्हा गळ्यात पडायचा, आता अंगावर येतो. आज दुपारी कपडे घालून म्हणालो, "वाशीला बाजारात जाऊन येतो." एवढंच. त्याने पाण्याची बादली लाथेने उडवली आणि दम्मामच्या काचेच्या सेटमधला मोठा वाडगा जमिनीवर आपटला. का विचारलं तर म्हणे, "काय पण." वर माझ्या डाव्या पायातला बूट सापडेना. उजवा जागेवर होता, डावा गायब. शेवटी चपला घालून गेलो. खालचं कुत्रं असणार.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

खाली नामदेवच्या ऑफिसात जाऊन बसलो होतो. नामदेव आमच्या बिल्डिंगचा मालक, मूळचा इथल्याच बोनकोडे गावचा. वडिलांची भातशेती सिडकोने घेतली, याने बांधकाम धरलं. आमच्याकडे फोन नाही, त्याच्याकडे आहे, आणि चहाही चांगला असतो.

तबरेजचा आवाज त्याच्यापर्यंत जातोच. म्हणाला, "शौकतभाय, तुमी दम्मामला जायचे तवा ते पोर लय रडायचं का?"

मी छाती फुगवून सांगितलं, फक्त एकदा, नंतर कधीच नाही. आमच्या सासूबाईंची कृपा, अल्ला त्यांना जन्नत देवो. तबरेज लहान असताना मला विमानतळावर सोडायला आला आणि असा रडला की ताप भरला. तेव्हापासून सासूबाईंनी नियमच घालून दिला. जायच्या दिवशी मुलाला काही सांगायचं नाही. बॅगा आदल्या दिवशीच शेजारी ठेवायच्या. त्याला गच्चीवर नाहीतर शेजारी खेळायला पाठवायचं, मी "बाजारात जाऊन येतो" म्हणायचं आणि निघायचं. नंतर विचारलं तर रशिदा सांगायची, अब्बा बाजारात गेलेत, खाऊ घेऊन येतील. दोन-चार दिवसांत विसरायचा. आमच्याकडची निम्मी गल्फची घरं असंच करतात. कोणाच्या घरात रडारड नको.

नामदेवने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि उगाच कॅलेंडरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रबाळ्याला माजं गोडावन हाय. सिमेंट, सळया. मानूस पायजे हाय मना, विश्वासाचा."

मी हसण्यावारी नेलं. एअरकंडिशन स्टोअर सांभाळलेला माणूस सिमेंटच्या पोत्यांवर बसणार? पण त्याने विचारलं याचं बरं वाटलं. तीन महिने इथे मला कोणी मोजत नव्हतं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

शाळेतून बोलावणं. तबरेजच्या वर्गशिक्षिका चारुलताबाई, आवाज हळू पण माणूस कडक. तबरेजने एका मुलाच्या तोंडावर कंपास फेकला. नशीब डोळा वाचला. त्या मुलाला पुढे उभं केलं, तो काय म्हणाला विचारलं. बिचारा एवढंच म्हणाला होता, "तुझे अब्बा परत कधी जाणार?"

आता यात राग येण्यासारखं काय आहे? साधा प्रश्न. गल्फवाल्याला अख्खी दुनिया हाच प्रश्न विचारते. मला तर स्वागताच्या पहिल्या चहाबरोबर विचारतात.

बाई म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर मुख्याध्यापक त्याला ठेवणार नाहीत. मी एकदा शब्द टाकला आहे, दुसऱ्यांदा नाही टाकता येणार." त्यांनी पहिल्यांदा टाकला हेच मला ठाऊक नव्हतं. रशिदाला होतं. मी दम्मामला असताना ती एकटी दोनदा शाळेत हात जोडून आली होती. मला फोनवर काय सांगायची? "सगळं बरं हाय." येताना रस्त्यात मी तिला म्हणालो, तू खूप केलंस. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि मांदेली घ्यायची आहेत म्हणाली.

आज बूट शाबूत होते. शाळेत जाताना तबरेज बरोबर होता, कुत्रं दिसलं नाही.

रविवार, १ डिसेंबर

शिस्तीशिवाय इलाज नाही असं ठरवून मी वेळापत्रक केलं. उठणं, नमाज, अभ्यास, खेळ, सगळं चौकोनांत. भिंतीला लावलं. सिदराला इतकं आवडलं की तिने प्रत्येक चौकोनात मोर काढला. तबरेजने एक नजर टाकली आणि विचारलं, "यात तुमचा चौकोन कुटाय?"

मी म्हणालो, "माझा कशाला? मी काय शाळेत जातो?"

त्याने ते फाडलं. मी त्याला थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तो रडला नाही, गालाला हातही लावला नाही, बघत राहिला. मग मीच गॅलरीत जाऊन उभा राहिलो. हात अजून चुरचुरतोय. हे मला नको आहे. मी एवढ्या लांबून यासाठी आलो नाही.

संध्याकाळी वाशीला निघालो तर पुन्हा डावा बूट नाही. परवाच नवीन जोड आणला होता. कुत्रं असतं तर चावून फेकलेला सापडला असता. बिल्डिंगमध्ये कोणीतरी माझ्यावर दात धरून आहे. पण मला समजत नाही, डाव्याच पायाचे बूट नेऊन तो करणार काय? नामदेव म्हणतो, "एक पाय असलेला चोर शोधा."

गुरुवार, १२ डिसेंबर

चार दिवस तापाने लोळवलं. मलेरिया. आज उठून बसलो.

पण काय सांगू, असा आजार दर महिन्याला यावा. तबरेज माझ्या पलंगापासून हलला नाही. शाळेत पाठवायला रशिदा ओरडून थकली. कपाळावर पट्ट्या त्यानेच ठेवल्या, औषधं त्यानेच दिली, थर्मामीटर झटकायला शिकला. मी डोळे उघडले की समोर तोच, पायाशी बसून जुनं मासिक वाचतोय. एकदा विचारलं, कंटाळा येत नाही का? म्हणाला, "तुमी झोपा ना. कुटं जाऊ नका." मला हसू आलं. एकशे तीन ताप असलेला माणूस जाणार कुठे?

पोरात माणुसकी आहे. मग बरा असताना हा माझ्याशी असा का वागतो? ताप उतरला आणि आज सकाळी मी दाढी करून शर्ट घातला, तर हा लगेच फुरंगटला. चहाचा कप ढकलून दिला.

तरी अल्लाचा शुक्र. चार दिवस मिळाले.

बुधवार, १८ डिसेंबर

सिदराचा खेळ बघून पोट धरून हसलो, म्हणून लिहून ठेवतो. तिची एक बाहुली अम्मी, एक बाहुला अब्बा. बाहुला म्हणतो, "मी बाजारातून येतो." मग ती त्याला चपलेच्या खोक्यात घालते, तोंडाने विमानाचा आवाज काढत खोकं डोक्यावरून फिरवते आणि पलंगाखाली ढकलते. मी म्हणालो, अगं, बाजारात विमानाने कोण जातं? ती म्हणाली, "अब्बा जातात. दोन वर्षांनी येतात."

एवढीशी आहे पण डोकं बघा! रशिदाला हाक मारून सांगितलं. ती हसली नाही, पीठ मळत राहिली. तबरेजही तिथेच होता. त्याने पलंगाखालून खोकं ओढलं, बाहुला बाहेर काढला आणि सिदराच्या हातात दिला. मला वाटलं आता तोडणार, पण नाही. आज शांत होता.

शुक्रवार, ३ जानेवारी १९९७

नामदेवकडे मानसिंगचा फोन आला. दम्मामला एका खोलीत आम्ही नऊ वर्षं काढली. तो मेवाडचा, मी कोकणचा, त्याची डाळ आणि माझे मासे एकाच स्टोव्हवर. तो आता दोहाला आहे. तिथे मोठं स्टोअर उघडतंय, त्याने माझं नाव दिलंय. मार्चमध्ये यायचं. "हो म्हण, बाकी मी बघतो," म्हणाला. त्याला माझी आठवण आहे, एवढ्यानेच दिवसभर खुशीत होतो.

रशिदाला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. ती म्हणाली, "तुमाला जायचंय का?"

मला माहीत नाही. तिथे मी कोणीतरी होतो. इथे मी बूट शोधणारा माणूस आहे. बरं, मी गेलो तर तबरेज सुधारेलही. मी येण्याआधी तो इतका बिघडला नव्हता असं नातेवाईक सगळे म्हणतात. कदाचित मीच त्याला नको असेन. असंही असतं म्हणे, मोठ्या होणाऱ्या मुलांना बाप नको असतो. हे लिहिताना फार वाईट वाटतंय.

कपाटावरची मोठी सुटकेस बघायला हात लावला. जड लागली. रशिदाने जुन्या गोधड्या भरल्या असतील. मागे वळलो तर दारात तबरेज उभा. तसाच मागच्या पावली गेला.

सोमवार, १३ जानेवारी

रमजानचा दुसराच रोजा आणि घरात ही आफत. तबरेजने शाळेची खिडकी हाताने फोडली. कोणाशी भांडण नाही, काही नाही. बाकावर बसला होता, उठला आणि ठोसा मारला. हाताला टाके पडले. मुख्याध्यापकांनी सांगितलं, दाखला घेऊन जा. चारुलताबाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "वार्षिक परीक्षेला बसू देतील का, मी विचारते. पण घरी काय चाललंय ते तुम्ही बघा." घरी काय चाललंय? घरी सगळं बरं चाललंय. तेच तर मला कळत नाही.

रशिदाचा भाऊ आला होता. श्रीवर्धनजवळ त्याच्या ओळखीचं वसतिगृह आहे, शाळा तिथेच. ईद झाली की नेऊन सोडू म्हणतो. रशिदा नाही म्हणाली. मग पुन्हा नाही म्हणाली. मग रडली आणि म्हणाली, तुमी ठरवा.

मी हो म्हणालो. आता सगळं जुळतंय, ईदनंतर तो तिथे, मार्चमध्ये मी दोहाला. कागदावर नीट दिसतं. तबरेजला अजून सांगायचं नाही असं ठरलं. उगाच आकांत नको. ईदच्या दुसऱ्या दिवशी मामू म्हणेल, चल फिरायला जाऊ.

शनिवार, १ फेब्रुवारी

उशीर झालाय, पण आजचं आजच लिहितो.

पनवेलला माझ्या बहिणीकडे गेलो होतो. तिचा मुलगा रायान आज पहिल्यांदा मस्कतला निघाला. ईद तोंडावर, पण व्हिसा थांबत नाही. भाड्याची सुमो दारात, सगळे सोडायला येणार. रायानची मुलगी नबीला अडीच वर्षांची. बहिणीने तिला कडेवर घेतलं. "चल, मागे कोंबड्या बघू." ती मागच्या दारी गेली, मी रायानची बॅग उचलली आणि म्हणालो, "चल लवकर, मागे बघू नको." आमच्यात सगळे असंच करतात, मला त्यात काही वाटलंसुद्धा नाही.

दारात तबरेज उभा होता. दोन्ही हात चौकटीला, एका हाताला अजून पट्टी.

"आधी तिला सांग," तो रायानला म्हणाला.

रायान म्हणाला, "बाजूला हो रे, विमान चुकेल."

"तिला सांग तू विमानात बसतोयस. बाजारात नाय."

बाहेरचे थांबले. मेव्हण्यांनी आवाज चढवला. माझा हात वर गेला होता, तसाच राहिला. मी म्हणालो, "अरे तबरेज, ती रडेल."

"रडू दे ना!" तो इतक्या जोरात ओरडला की शेजारची माणसं बाहेर आली. "रडली तर तिला माहीत तरी असेल! मी रोज गॅलरीत बसायचो. अम्मी सांगायची बाजारात गेलेत. मी बसूनच असायचो. मग कोणीपण बाजारात जातो म्हटलं की..." त्याने एक हात सोडून नाक पुसलं आणि पुन्हा चौकट धरली. "तुमी मला सांगून गेला असता तर मी नसतो बसलो."

मी बॅग खाली ठेवली. दुसरं काय करणार? रशिदाकडे बघितलं. तिने तोंडावर ओढणी धरली होती आणि मान हलवत होती. तिला माहीत होतं. गॅलरीत बसलेलं पोर तिने पाहिलं होतं.

रायान आत गेला. पोरीला घेऊन खाली बसला आणि तिला सांगितलं, अब्बा लांब जातोय, विमानातून, लवकर येणार नाही, पण येणार. ती रडली, अशी रडली की अख्खी गल्ली ऐकत होती. त्याच्या शर्टाची कॉलर सोडेना. बहीण माझ्या पोराला बोल लावत होती. पण मग आम्ही नबीलालाही गाडीत घेतलं. सहार विमानतळाच्या पार्किंगमध्येच खजूर आणि पाण्याने रोजा सोडला. तिने काचेपलीकडे दिसेनासा होईपर्यंत बापाला हात केला. परतताना ती तबरेजच्या खांद्यावर झोपली. त्याने तो खांदा पनवेलपर्यंत हलवला नाही, दुखत असणार तरी.

मी पुढच्या सीटवर होतो. मागे वळून वळून त्या दोघांना बघत आलो.

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळी रशिदा म्हणाली, ती सुटकेस काढा, वसतिगृहाचे कपडे तरी भरून ठेवते. ती मुद्दाम म्हणाली की सवयीने, अजून कळलेलं नाही. मी स्टुलावर चढून सुटकेस उतरवली. चांगलीच जड. कडी लागलेली, कुलूप नाही. पलंगावर ठेवून उघडली.

बूट. माझे. सगळे डाव्या पायाचे. काळा, तपकिरी, डिसेंबरमधला नवा, एक सपात, एक रबरी चप्पल, आणि तळाशी एक फार जुना, मी मागच्या सुट्टीत गावी, म्हसळ्याला हरवला समजत होतो तो. एकावर एक नीट रचलेले. मी स्वतः एवढे नीट रचले नसते.

मी पलंगावर बसलो. एका बुटावर बाजारात जाता येत नाही, विमानातही बसता येत नाही. त्या पोराला एवढंच करता येत होतं, ते त्याने केलं. आणि मी हजारो भागांचा हिशेब ठेवणारा माणूस, कुत्र्यावर संशय घेत बसलो. मला वाटलं होतं मी त्याला नको आहे! हसूही येत होतं आणि डोळेही थांबत नव्हते. अल्लाने मला कायकाय दिलंय.

तबरेज दारात आला. उघडी सुटकेस बघून पांढरा पडला. मार खायला तयार उभा राहिला.

मी म्हणालो, "सपात पण घेतलीस? सपाता घालून कोण विमानात बसतं?"

तो म्हणाला, "तुमचा काय भरवसा."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बरीच कामं केली. नामदेवच्या ऑफिसातून मानसिंगला फोन लावला, येत नाही म्हणून सांगितलं. तो शिव्या घालून मग म्हणाला, "मेरा बेटा भी बारह का है, यार." रशिदाच्या भावाला कळवलं, वसतिगृह नको. तो नाराज आहे, ईदला शीरखुर्मा खाऊन राग जाईल.

फोन ठेवल्यावर नामदेवला विचारलं, गोडाऊनची जागा अजून आहे का? म्हणाला, "तुमचे साठी ठेवलेली हाय. मना मालूम होता." काय मालूम होतं विचारलं तर रोजा सुटायच्या वेळचा चहा सांगितला. भला माणूस.

शाळेत तबरेजला घेऊन गेलो. फुटलेल्या काचेबद्दल त्याने माफी मागितली, पुटपुटत का होईना. मुख्याध्यापक वार्षिक परीक्षेपर्यंत ठेवतो म्हणाले, पुढचं तेव्हा बघू. चारुलताबाईंना मी सगळं सांगितलं, बुटांसकट. त्या चष्मा काढून पुसत बसल्या.

सोमवार, १० फेब्रुवारी

ईद मुबारक.

सकाळी उठलो तर दाराशी माझा नवा जोड. डावा आणि उजवा, दोन्ही, पॉलिश केलेले. कोणी ठेवले विचारलं नाही. तबरेज आणि मी नमाजला बरोबर गेलो, गळाभेट घेतली तेव्हा त्याची उंची माझ्या खांद्याला आली हे लक्षात आलं. रशिदाने सांदणं केली होती. नामदेवची म्हातारी आई गोजराबाई शीरखुर्मा खायला आली आणि तबरेजची नजर काढायला मिरच्या सांगून गेली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दुपारी सिदराने त्याच्या पतंगावर मोर काढला तर त्याने ताट आपटलं आणि बाथरूममध्ये कडी लावून बसला. मी बाहेर जमिनीवर बसलो. म्हणालो, मी इथेच आहे, सावकाश ये. बराच वेळ बसलो. आला.

रविवार, २ मार्च

गोडाऊनला लागून पंधरवडा झाला. सिमेंट नाकात जातं, पण खणांना चिठ्ठ्या लावल्या तर इथे कोणी धुऊन काढत नाही. रोज निघताना तबरेजला सांगतो, कुठे जातोय आणि कधी येणार. एकदा उशीर होणार होता तर नामदेवच्या फोनवरून निरोप दिला. तो भिंतीवर त्याने स्वतः केलेल्या नव्या वेळापत्रकात माझा चौकोन भरतो. माझा चौकोन सगळ्यात मोठा आहे.

गेल्या रविवारी, त्याच्या आधीच्या रविवारी, मी बाजारात निघालो की तो बरोबर यायचा. मी म्हणायचो चल, तोही म्हणायचा येतो. पिशवी धरायचा, फार बोलायचा नाही, हात मात्र माझ्या शर्टाजवळ असायचा.

आज संध्याकाळी कपडे घातले आणि म्हणालो, "बाजारात जातोय. खऱ्या बाजारात, वाशीला, जिताडा आणायला. येतोस?"

तो सिदराला पतंगाला शेपूट लावून देत होता. वर न बघता म्हणाला, "तुमी जा."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. पुन्हा विचारलं.

"जा ना अब्बा. मी हितं बिझी हाय."

दोन्ही बूट दाराशी होते. मी घातले, जिन्यावर जरा थांबलो. आत काही फुटल्याचा आवाज आला नाही. बाजारात जिताडा चांगला मिळाला, मासेवाली भाव कमी करेना, मी फार घासाघीस केली नाही, कारण मला घरी पोचायचं होतं.

आलो तेव्हा तो गॅलरीत नव्हता. आत पतंगातच होता.

"आलात?" म्हणाला.

"आलो," मी म्हणालो, आणि दोन्ही बूट काढून दाराशी ठेवले.